संकटकाळीं पाणी आणि शुचिता

कोणत्याहि देशावर भूकंप, महापूर अथवा युद्ध ओढवलें, म्हणजे दयाळु माणसाच्या मनांत पहिला विचार अन्नाचा व वस्त्रांचा येतो. कोणी जुने कपडे बांधून पाठवितो, कोणी धान्य देतो, कोणी औषधांसाठीं वर्गणी जमवितो. हें सर्व स्तुत्यच आहे. परंतु घरदार सोडून एके ठिकाणीं जमलेल्या लोकांचा घात पुष्कळदां भुकेच्या आधीं पाणी करितें. आणि तें पाण्याच्या अभावानें जितकें, तितकेंच घाणेरड्या पाण्यानें. ह्या लेखांत आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों तें एवढेंच कीं, अशा वेळीं पाणी, शौचकूप व साबण हीं जीव वाचविण्याचीं पहिलीं साधनें होत. तीं मोजून, मापून व क्रमानें द्यावीं लागतात, आणि त्यांचा हिशेब चुकला तर माणसें मरतात.

ह्याचें एक अत्यंत दुःखद उदाहरण मध्य आफ्रिकेंत घडलें. १९९४ सालीं एप्रिलपासून जुलैपर्यंत रवांडा देशांत भयंकर नरसंहार झाला. जुलैच्या मध्यास, अवघ्या कांहीं दिवसांत, पांच ते आठ लाख लोक सरहद्द ओलांडून शेजारच्या झाईर देशांत गोमा नामक शहराभोवतीं येऊन पडले. (ह्या देशास १९९७ पासून पुन्हां कांगो हें नांव मिळालें.) त्यांत विधवा होत्या, लेंकरें होतीं, म्हातारे होते, आणि ज्यांचे हात शेजाऱ्याच्या रक्तानें माखले होते असेहि कांहीं होते. तहान व रोग ह्यांस हा भेद कळत नाहीं.

गोमा शहर किवू सरोवराच्या कांठीं, न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशीं वसलें आहे. तेथील जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळावर ज्यानें कुदळ मारून पाहिली असेल, त्यास ह्याची कल्पना सहज येईल. कारण आपला कातळहि मुळांत लाव्हाच होय. अशा भूमींत शौचकूप खणतां येईनात, आणि पुढें प्रेतांसाठीं खड्डेहि खणतां येईनात. लोक जेथें बसले, तेथेंच आसपास विधीस जाऊं लागले. सरोवर पाण्यानें भरलेलें होतें खरें. पण कांहीं छावण्या त्यापासून फार दूर होत्या, आणि जे जवळ होते ते तेंच पाणी पीत व त्यांतच सर्व धुणें धूत. शुद्ध केलेलें पाणी पहिल्या आठवड्यांत माणशीं दररोज सरासरी ०.२ लिटर, म्हणजे चहाच्या एका पेल्याएवढें, मिळालें.

२० जुलैच्या सुमारास पटकीची सांथ असल्याचें निश्चित झालें. तिच्यामागून रक्ती आमांश आला. पहिल्या एका महिन्यांत सुमारें ५०,००० निर्वासित मृत्युमुखीं पडले. आणि पुढें जी शास्त्रीय पाहणी प्रसिद्ध झाली, तींत शेंकडा ८५ ते ९० मृत्यु हगवणीच्या रोगांमुळें झाले असें आढळून आलें. युद्धांतून जीव बचावून आलेल्या हजारों लोकांस शेवटीं पाण्यानें मारलें.

हें कसें घडतें तें आतां पाहूं. पटकीचे जंतु रोग्याच्या शौचांतून बाहेर पडतात. ते दुसऱ्याच्या तोंडावाटे पोटांत गेले म्हणजे आंतड्यांत एक प्रकारचें विष उत्पन्न करितात, व त्यामुळें शरीरांतील पाणी व क्षार आंतड्यांत लोटूं लागतात. तीव्र रोग्याच्या शरीरांतून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊं शकतें. डोळे खोल जातात, हातापायांस गोळे येतात, नाडी लागत नाहीं. आणि उपचार न मिळाल्यास सकाळीं धडधाकट असलेला मनुष्य सायंकाळपर्यंत दगावूं शकतो.

एकाच्या शौचापासून दुसऱ्याच्या मुखापर्यंत जंतूंस जाण्याच्या वाटा मुख्यतः पांच आहेत: पाणी, बोटें, माशा, माती आणि अन्न. पांच दरवाजे असलेल्या वाड्याचा एकच दरवाजा लावून मालक निजला, तर चोरास कितीसा अडथळा होणार? तद्वत् नुसतें पाणी शुद्ध केलें व हात मळके राहिले, अथवा साबण वाटला व शौचकूप बांधले नाहींत, तर रोगास दुसरी वाट मोकळीच राहते. सर्व दरवाजे एकदम लावतां आले तरच वाडा सुरक्षित राहतो.

येथें कोणी म्हणेल कीं, रोगावर औषध नाहीं काय? आहे; आणि त्याची मोठी कसोटी आपल्याच देशांत लागली. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानांतून, म्हणजे आजच्या बांगलादेशांतून, सुमारें एक कोटि निर्वासित भारतांत आले. सरहद्दीजवळील बनगांव येथें पटकीनें कहर केला. रुग्णालयांत रोगी जमिनीवर दाटीनें पडले होते, व शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत चाललें होतें. त्या वेळीं डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं ग्लुकोज, साधें मीठ व खाण्याचा सोडा ह्यांच्या पुड्या कलकत्त्यास तयार करवून आणिल्या. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम सोडा असें त्यांचें प्रमाण होतें. हें पाणी पाजण्याचें काम त्यांनीं रोग्यांच्या आयांवर, बहिणींवर व भावांवर सोंपविलें. त्यापूर्वी शेंकडा २० ते ३० रोगी मरत असत. तें प्रमाण शेंकडा ३.६ वर आलें. साखर आंतड्याच्या आवरणांतून आंत जातांना मिठास बरोबर नेते, व मिठामागून पाणी जातें, एवढेंच ह्यांतील रहस्य आहे. डॉ. महालनबीस २०२२ सालीं निवर्तले. २०२३ सालीं भारत सरकारनें त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण हा किताब दिला.

तथापि ह्या औषधानें रोगी वांचतो, सांथ थांबत नाहीं. घागरींतील पाणी घाणच राहिलें, तर आज बरा झालेल्याच्या जागीं उद्यां त्याचा शेजारी येऊन पडतो. शिवाय मीठसाखर कालवावयासहि पाणीच लागतें. म्हणून गोमा येथील अनर्थानंतर साहाय्य करणाऱ्या अनेक संस्था एकत्र आल्या. रेडक्रॉस व रेड क्रेसेंट ह्यांची चळवळहि त्यांत सामील होती. १९९७ सालीं त्यांनीं असा विचार सुरू केला कीं, संकटग्रस्तांस काय द्यावें हें देणाऱ्याच्या लहरीवर सोडूं नये. किमान किती दिलेंच पाहिजे, तें आगाऊ ठरवून ठेवावें. ह्या प्रयत्नास ‘स्फीअर’ असें नांव आहे. त्याचा पहिला ग्रंथ २००० सालीं व चौथी आवृत्ति २०१८ सालीं निघाली.

त्यांतील कांहीं आंकडे विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. माणशीं दररोज निदान १५ लिटर पाणी मिळावें. त्यांतील अडीच ते तीन लिटर पिण्यास व अन्नावाटे, आणि बाकीचें रांधण्यास व अंगाच्या स्वच्छतेस लागतें. पाण्याची जागा राहत्या ठिकाणापासून ५०० मीटरांपेक्षां दूर नसावी, व तेथें अर्ध्या तासाहून अधिक वेळ तिष्ठावें लागूं नये. एका तोटीवर २५० हून अधिक माणसें नसावींत. आरंभीं ५० माणसांस व पुढें लौकरच २० माणसांस एक शौचकूप असावा.

आतां त्रैराशिक मांडून पाहूं. एखाद्या छावणींत १०,००० माणसें आलीं, असें समजा. त्यांस दररोज १,५०,००० लिटर पाणी लागेल. १०,००० लिटरांचा एक टँकर धरिला, तर त्याच्या रोज पंधरा खेपा झाल्या पाहिजेत. रस्ता चिखलाचा असो वा नसो, रविवार असो वा सणवार असो. चाळीस तोट्या लागतील. आरंभीं दोनशें व पुढें पांचशें शौचकूप खणावे लागतील. हा हिशेब दहा हजारांचा झाला. गोमा येथें त्याच्या निदान पन्नासपट माणसें होतीं. वर्गांत गणित शिकतांना ‘ह्याचा उपयोग काय?’ असें विचारणाऱ्या मुलांस ह्याहून चांगलें उत्तर आम्हांस देतां येणार नाहीं.

पाण्याच्या परिमाणानंतर त्याच्या शुद्धतेचा विचार येतो. नदीचें गढूळ पाणी प्रथम निवळावें लागतें. तुरटीनें गाळ तळीं बसतो, हें आपल्या आयाबायांस पूर्वीपासून ठाऊक आहे. पण तुरटीनें पाणी निवळतें. जंतु राहूं शकतात, ही गोष्ट कित्येक सुशिक्षितांसहि माहीत नसते. निवळलेल्या पाण्यांत क्लोरीन मिसळून निदान अर्धा तास थांबावें लागतें. गढूळ पाण्यांत क्लोरीन टाकल्यास त्याची शक्ति गाळावरच खर्च होते. म्हणून आधीं निवळणें व मग क्लोरीन हा क्रम उलटा करून चालत नाहीं. शिवाय तोटीशीं पाणी येईल तेव्हां त्यांत दर लिटरास ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें, असा दंडक आहे. कित्येकांस त्याचा वास आवडत नाहीं, व ते वासाचें पाणी टाकून ओढ्याचें ‘गोड’ पाणी पितात. अशा ठिकाणीं लोकांची समजूत घालणें हेंहि पाणी शुद्ध करण्याइतकेंच महत्त्वाचें काम होऊन बसतें.

हें क्लोरीन शिल्लक कां राहावें, ह्याचें उत्तर मलावी देशांतील न्यामिथुथु छावणींत मिळालें. तेथें मोझांबिकमधून आलेले निर्वासित राहत असत. तोटीचें पाणी चांगलें होतें. पण उघड्या बादलींत हात बुडतां बुडतां तें घरीं बिघडत असे. १९९३ सालीं कांहीं कुटुंबांस झांकण व तोटी असलेल्या बादल्या देऊन पाहिल्या, तेव्हां त्या घरांतील पांच वर्षांखालील मुलांत हगवणीचें प्रमाण शेंकडा ३१ नीं कमी आढळलें. त्याच छावणींत साबणाविषयींहि पाहणी झाली. ज्या घरीं साबण असे, त्या घरीं हगवण शेंकडा २७ नीं कमी होती. लक्षांत घ्या, येथें नवें औषध नव्हतें, मोठें यंत्र नव्हतें. एक झांकण व एक वडी, एवढेंच होतें.

आतां शौचकूपाविषयीं. हा विषय चारचौघांत काढण्यास आपण संकोचतों; पण ह्या संकोचानें पुष्कळ बळी घेतले आहेत. पवित्र शास्त्राच्या ‘अनुवाद’ नामक पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायांत मोशे इस्राएल लोकांस आज्ञा करितो कीं, तळाबाहेर एक जागा राखावी, प्रत्येकानें खणण्याचें साधन जवळ बाळगावें, व विधि झाल्यावर खांचेंतील घाण मातीनें झांकावी. छावणींत परमेश्वर फिरतो, म्हणून ती पवित्र असावी, असें तेथें कारण दिलें आहे. जंतूंचें ज्ञान होण्यापूर्वी हजारों वर्षें दिलेली ही आज्ञा वाचून आम्हांस असें वाटतें कीं, शुचिता आणि भक्ति ह्यांमध्यें आपण जी भिंत बांधितों, ती शास्त्रानें बांधिलेली नाहीं.

परंतु नुसता खड्डा खणून शौचकूप होत नाहीं. तो पाण्याच्या झऱ्यापासून वा विहिरीपासून निदान ३० मीटर दूर असावा, व त्याचा तळ भूगर्भांतील पाण्याच्या पातळीहून निदान दीड मीटर वर असावा. नाहीं तर एका हातानें दिलेलें पाणी दुसऱ्या हातानें विटाळल्यासारखें होतें. तो राहत्या जागेपासून ५० मीटरांहून दूरहि नसावा. त्यास दार असावें, दारास आंतून कडी असावी, वाटेवर रात्रीं दिवा असावा. स्त्रियांसाठीं तीन असतील तेव्हां पुरुषांसाठीं एक, असें प्रमाण सुचविलेलें आहे. ह्याचें कारण मुलींच्या पालकांस विस्तारानें सांगावयास नको. जेथें अंधार व भीति असते, तेथें स्त्रिया दिवसभर पाणी पिणेंच टाळतात व रात्रींची वाट पाहतात. ज्या शौचकूपांत जावयास बायका धजत नाहींत, तो हिशेबाच्या वहींत असला तरी प्रत्यक्षांत नसल्यासारखाच होय. म्हणून जागा ठरविण्यापूर्वी त्यांस विचारावें, हें आतां सर्वमान्य झालें आहे. तान्ह्या मुलांच्या शौचाविषयींहि एक गैरसमज आहे. तें निरुपद्रवी असतें असें समजून पुष्कळ ठिकाणीं तें अंगणांत टाकितात. पण त्यांतूनहि रोग पसरतो, म्हणून तेंहि शौचकूपांतच गेलें पाहिजे.

साहाय्य करणाऱ्यानेंहि आपले हात तपासावे, हें हैती देशांतील प्रसंगानें जगास शिकविलें. १२ जानेवारी २०१० रोजीं तेथें प्रचंड भूकंप झाला. भूकंपानंतर पटकी आली नाहीं. ती त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आली. त्यापूर्वी शंभर वर्षें तरी तेथें पटकीची नोंद नव्हती. शास्त्रीय तपासानंतर असें दिसून आलें कीं, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका तळावरील मैलापाणी आर्तिबोनीत नदीस मिळणाऱ्या प्रवाहांत गेलें, व तेथून रोग पसरला. पुढील कांहीं वर्षांत आठ लाखांवर लोक आजारी पडले व सुमारें दहा हजार मेले. डिसेंबर २०१६ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनीं हैतीच्या लोकांची क्षमा मागितली. जे रक्षणास आले, त्यांच्याच शौचकूपाची व्यवस्था नीट नव्हती! सदिच्छा ही मोठी वस्तु खरी. परंतु मैलापाणी सदिच्छेनें शुद्ध होत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रास हा विषय परका नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांस महापूर येऊन सांगली व कोल्हापूर ह्या शहरांत घरोघरीं पाणी शिरलें. अशा वेळीं चोहोंकडे पाणी असतें, पण पिण्यास नसतें. कारण पुराचें पाणी शौचकूप, गटारें व विहिरी ह्यांस एक करून टाकितें. म्हणून प्रत्येक घरानें पुढील गोष्टी आजच शिकून ठेवाव्या.

पुराचें पाणी शिरलेली विहीर उपसून, स्वच्छ करून व ब्लीचिंग पावडर घालून घेतल्यावांचून तिचें पाणी पिऊं नये. शंका असल्यास पाणी आधीं निवळावें, जाड स्वच्छ कापडानें गाळावें व मग खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळूं द्यावें. तें झांकलेल्या भांड्यांत ठेवावें, व ओगराळ्यानें किंवा तोटीनें काढावें. हात अथवा पेला त्यांत बुडवूं नये. शौचानंतर, बाळास धुतल्यानंतर, तसेंच रांधण्यापूर्वी, जेवण्यापूर्वी व मुलांस भरविण्यापूर्वी साबणानें हात धुवावे. कोणास हगवण लागलीच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें घोट घोट पाजीत राहावें, आणि रोग्यास विलंब न लावितां डॉक्टरांकडे न्यावें. मिठाचें माप वाढवूं नये. तें अपायकारक होतें. तान्ह्या बालकास आईचें दूध चालूच ठेवावें.

पालकांस आमची एक विशेष विनंति आहे. घरीं पाणी भरणें, झांकणें व बाळास धुणें हीं कामें बहुधा मुलींच्या वांट्यास येतात. पण हात धुण्याचें व पाणी राखण्याचें शिक्षण मुलांस व मुलींस सारखेंच मिळालें पाहिजे. ज्यास घरीं असतांना तीन घोटांची शिस्त नाहीं, त्यास छावणींत ती एकाएकी येणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें अभियंता होईल, कोणी परिचारिका होईल, कोणी तहसील कचेरींत कारकून होईल, आणि एखाद्या पावसाळ्यांत, कदाचित् अचानक, हजारों भिजलेलीं व भ्यालेलीं माणसें त्याच्या दारीं येऊन उभीं राहतील. ‘माझा शेजारी कोण?’ ह्या प्रश्नाचा विचार करण्यास त्या रात्रीं त्यास सवड मिळणार नाहीं. त्यानें त्या वेळीं प्रथम माणसें मोजावीं, मग तोट्या मोजाव्या, मग शौचकूपांच्या जागा स्त्रियांस विचारून आंखाव्या, आणि साबणाची पेटी कोठें आहे ती शोधावी. तहानेल्यास पाणी पाजणें हें पुण्यकृत्य खरेंच. तें पाणी स्वच्छ असेल, पुरेसें असेल व शेवटल्या माणसापर्यंत पोहोंचेल, इतकी काळजी वाहणें हा त्याच पुण्यकृत्याचा उत्तरार्ध होय.